आठ महिने मुक्त पाठ्यसामग्रीवर शिकवल्यानंतर

गेले आठ महिने भौतिकशास्त्राचा पायाभूत अभ्यासक्रम मी विकतचं पुस्तक न लावता शिकवते आहे. मुख्य आधार ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या प्रकल्पाचं ‘कॉलेज फिजिक्स’, जोडीला फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर करून बघायचे प्रयोग.

मुक्त म्हणजे फुकट, एवढंच मला आधी कळलं होतं. त्यामुळे पहिले दोन महिने नुसती लिंक दिली आणि प्रकरण वाचून या म्हटलं. वर्गात काहीच बदललं नाही. घर्षणाचं सोडवलेलं उदाहरण बर्फावरून घसरणाऱ्या स्कीअरचं. ज्यांनी बर्फाचा उतार कधी पाहिलाच नाही, ती मुलं घर्षणाआधी स्कीइंगच समजून घेत बसली. तिसऱ्या महिन्यात मी ते उदाहरण काढून तिथे तिरक्या फळीवरची पेटी आणली, विभागांचा क्रम बदलला, जड परिच्छेद मराठीत नव्याने लिहिले. मग मुलं प्रश्न विचारू लागली. एरवी अशा फेरफारासाठी प्रकाशकाची परवानगी लागते. या पुस्तकाच्या ‘सीसी बाय’ या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्यात ती आधीच दिलेली आहे. मूळ श्रेय द्यायचं आणि बदल केल्याचं नोंदवायचं. मुक्त शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड वायली यांनी मुक्त साहित्याचे पाच हक्क सांगितले आहेत: जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, मिसळणं, वाटणं. माझ्या वर्गात खरं काम ‘बदलणं’ या हक्कानेच केलं.

फेटबद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सिम्युलेशन डाउनलोड करून ठेवलं की इंटरनेट नसतानाही चालतं. मात्र मुलांना ते नुसतं खेळायला दिलं की तास वाया जातो. मी आधी वहीत अंदाज लिहायला लावते: समांतर जोडणीतला एक बल्ब काढला तर दुसरा मंद होईल, प्रखर होईल की तसाच राहील? अंदाज चुकला की मुलं स्वतःच सर्किट पुन्हा जोडून बघतात.

त्रासही झाला. पीडीएफमधून कॉपी केलेली समीकरणं मोडतात, घातांक खाली येऊन बसतात. ती मी हाताने टाइप केली. एका प्रकरणाला सहा-सात तास सहज जातात आणि ते वेळापत्रकात कुठेच धरलेले नसतात. शिक्षकाचे हे तास कामात मोजले गेलेच पाहिजेत.

परवान्यांत मी एकदा चुकले. ओपनस्टॅक्सचंच ‘कॅल्क्युलस’ ‘बाय-एनसी-एसए’खाली आहे: श्रेय द्या (बाय), व्यावसायिक वापर नको (एनसी), बदललेली प्रत त्याच परवान्याखाली वाटा (एसए). त्यातला भाग आणि ‘बाय-एसए’खालचा दुसरा मजकूर एकत्र करून मी टिपण तयार केलं. बदललेली प्रत आपल्याच परवान्याखाली वाटावी अशी दोन्ही परवान्यांची अट, आणि एका टिपणात दोन्ही पाळता येत नाहीत, म्हणून ते टिपण वाटता येईना. दोन दिवसांचं काम पुन्हा केलं. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यापुढे शीर्षक, लेखक, स्रोत आणि परवाना लगेच लिहून ठेवते. पुस्तकातल्या चित्रांचंही वेगळं बघते, कारण एखाद्या चित्राचा परवाना पुस्तकापेक्षा निराळा असू शकतो.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीला माझ्या घर्षणाच्या प्रकरणात चिन्हाची चूक सापडली. संध्याकाळपर्यंत दुरुस्त प्रत सगळ्यांकडे होती. आता तिच्या गटाने त्याच प्रकरणासाठी चार नवी उदाहरणं लिहिली आहेत, आणि पुढच्या तुकडीला मी त्यांच्या श्रेयासह तीच प्रत देणार आहे.