एकाच फोनवर ३४ मुलांचं डोकं कळतं : प्लिकर्सची कार्डं आठ महिने वापरल्यावर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पट ३४. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत गणिताच्या तासाला प्लिकर्स हे ॲप वापरलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची आकृती, आणि चार बाजूंना अगदी बारीक ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, की कुणाचं काय उत्तर ते माझ्या फोनवर उमटतं. बरोबर हिरवं, चूक लाल. मुलांना ना टॅब लागतो ना मोबाईल. पडदा फक्त माझ्या हातात राहतो, आणि मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं.

"समजलं का रे?" विचारलं की "होऽऽऽ बाई!" असा सूर येतो. वर्षानुवर्षं मी त्या सुरावर पुढचा धडा घेत आले. तो दहा-बारा जणांचा असतो आणि बाकीचे त्यात आवाज मिसळतात, हे मला यंदा आकड्यांत दिसलं.

दिवाळीनंतर दशांश अपूर्णांक शिकवून झाले होते. वह्यांतले स्वाध्याय बरोबर होते. प्रश्न टाकला : ०.५ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती? फोन फिरवला तर २१ कार्डं लाल. क्षणभर मलाच सुचेना. मुलांनी सरळ ४५ आणि ५ यांची तुलना केली होती.

उत्तर सांगितलं नाही. "शेजाऱ्याला पटवून द्या," म्हटलं आणि दोन मिनिटं दिली. (आधी प्रत्येकाचं मत, मग आपापसांत चर्चा, मग पुन्हा मत, ही पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात रुजवली.) मागच्या बाकावरच्या एकाची आई आठवडी बाजारात भाजी विकते. तो उठून म्हणाला, "बाई, काट्यावर अर्धा किलो म्हंजी ०.५०० येतं. ०.४५० आलं की गिऱ्हाईक म्हणतं, अजून टाका." वर्ग गप्प झाला. पुन्हा कार्डं वर झाली, लाल सहाच. दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानातून वजनकाटा आणला आणि त्या सहा जणांकडून चिंचा तोलून घेतल्या. चूक फोनने दाखवली, समजूत मात्र काट्याने आणि त्या पोराने घातली.

आता अडचणी. कार्डं आधी चकचकीत लॅमिनेट केली, ते पैसे वाया गेले. खिडकीचा उजेड त्यावर पडला की कॅमेऱ्याला आकृती वाचताच येत नाही. मग साध्या झेरॉक्स काढून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या, त्या अजून टिकून आहेत. मुलांची बोटं आकृतीवर आली तरी वाचन अडतं, म्हणून कडेला धरायची सवय लावावी लागते. आमच्याकडे रेंज जाते, तेव्हा तास फळ्यावर घेते. फुकट खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात. मला ते पुरतात, कारण एका तासाला दोनाहून जास्त मी विचारतच नाही.

पहिल्या महिन्यात रोज वापरलं, ती माझी चूक. मुलं विचार न करता झटकन कार्ड फिरवू लागली, कुणाचं आधी याची शर्यत लागली. आता आठवड्यातून तीनदा, आणि "आधी वहीत लिहा, मग कार्ड" हा नियम. शिवाय चार पर्यायांतून एक निवडायचं म्हटलं की अंदाज लागतोच. भागाकारात मूल नेमकं कुठल्या पायरीवर घसरलं ते हे ॲप कधीच सांगणार नाही, त्यासाठी वही तपासावीच लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. प्रोजेक्टरवर निकाल लावला तर कोणाचं चुकलं हे अख्ख्या वर्गाला दिसतं. ऑगस्टमध्ये मी तसं एकदा केलं. एका मुलीने पुढचे तीन दिवस कार्ड उलटं धरून छातीशी दाबून ठेवलं. तेव्हापासून निकाल फक्त मी बघते, आणि ॲपमध्ये मुलांची नावं नाहीत, नुसते हजेरी क्रमांक आहेत. पुढे डिसेंबरात सममूल्य अपूर्णांकांच्या तासाला तिचं कार्ड सगळ्यांच्या आधी वर आलं. उत्तर चूक होतं. मी तिच्या बाकाशी जाऊन बसले आणि आम्ही दोघींनी कागदाच्या घड्या घालून बघितलं.