एल्फ: टॉल्किनचे आणि ‘ड्रॅगन एज’चे

एल्फ ही कल्पित जमात टॉल्किनच्या कादंबरीत आहे आणि ‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेममध्येही. टोकदार कान दोन्हीकडे आहेत. साम्य जवळपास तिथंच संपतं.

टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला (१९५४-५५) एल्फ ना म्हातारा होतो, ना आजारी पडतो. कॅराध्रास या बर्फाळ डोंगराच्या वाटेवर बाकीचे बर्फ तुडवून घामाघूम होतात आणि लेगोलस हा एल्फ हलक्या जोड्यांनिशी वरच्यावर पळत जातो. थोडा राग येतोच त्याचा! त्याच्या जमातीचं दुःखही उंची: जग सरत जातं, हे उरतात, मग जहाजानं पश्चिमेला निघतात.

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) शहरी एल्फ निवडलात, तर खेळ उघडतो तो भिंतीआडच्या गरीब वस्तीत, तुमच्याच लग्नाच्या दिवशी. मधोमध जपलेलं एक मोठं झाड. आणि ऐन समारंभात सरदाराचा मुलगा येऊन बायकांना उचलून नेतो. इथं अमरत्व ही फक्त पूर्वजांची गोष्ट उरली आहे. वाट्याला आली ती माणसांची चाकरी. रानातले एल्फ, म्हणजे डेलिश, चेहऱ्यावर देवांच्या खुणा गोंदवून घेतात, जुन्या भाषेचे उरलेसुरले शब्द सांभाळतात.

ड्वॉर्फ ही बुटकी जमात मात्र दोन्हीकडे बहुतेक जमिनीखालीच, दाढीसकट. तिथं फार डोकं चालवलेलं नाही.

भाषेत टॉल्किनला तोड नाही; क्वेन्या आणि सिंदारिन या एल्फांच्या भाषा त्यानं व्याकरणासकट घडवल्या. पण एल्फ म्हणून जगून बघायचं असेल, तर मी गेमच उघडेन. लेगोलसकडे मान वर करून बघावं लागतं, वस्तीतल्या एल्फाच्या शेजारी बसता येतं.