टोरिक लेन्स १२ अंश फिरली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, डाव्याच्या सहा, दोन्ही मोतीबिंदू लेझरने. उजव्यात सिलिंडर नंबर (डोळ्याच्या वाकड्या आकाराचा, तिरकस नंबर) सव्वादोन म्हणून तो नंबर घालवणारी टोरिक लेन्स, जी ठरलेल्या कोनातच बसावी लागते; डाव्यात जेमतेम पाऊण म्हणून लेझरनेच कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) कमानीसारखे छेद आणि साधी लेन्स.

उजव्याची पट्टी काढली तर रंग एकदम स्वच्छ, पण प्रत्येक अक्षराला शेपूट. दोन आठवडे "सूज आहे, उतरेल" एवढंच ऐकलं. शेवटी ड्रॉप घालून बाहुली मोठी केली आणि बघितलं तर लेन्स १२ अंश फिरलेली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण टोरिकचा दर अंशाला साधारण ३.३ टक्के परिणाम जातो, ३० अंश फिरली की सिलिंडर होता तेवढाच राहतो. म्हणजे माझा चाळीस टक्के फायदा गेला, जवळपास एक नंबर परत आला, आणि जादा पैसे मोजले होते ते त्याच्यासाठीच. प्रचंड चिडलो, लेझरलाच शिव्या घातल्या.

नंतर नीट समजून घेतलं तेव्हा लेझरवरचा राग गेला. लेझर छेद देतं, मोतीबिंदूच्या पिशवीला गोल तोंड पाडतं, मोतीबिंदूचे तुकडे करतं, पण ते ओढून काढायला फेको (अल्ट्रासाउंडचं मशीन) लागतंच आणि आत बसवलेली लेन्स धरून ठेवणं त्याच्या हातात नाही. फिरायची ती बहुतेक पहिल्या काही तासांतच फिरते. तिसऱ्या आठवड्यात परत आत जाऊन फिरवून बसवली, तेव्हापासून हललेली नाही, सिलिंडर पाव राहिलाय आणि लांबचं बिनचष्म्याचं दिसतंय. वाचायला चष्मा लागतो, ते आधीच माहीत होतं.

डाव्याच्या वेळी मीच मागे लागलो. डोळा कोरडा होता, आधी काही आठवडे ड्रॉप घातले, मग परत माप घेतलं तर ॲक्सिस (सिलिंडरचा कोन) चक्क बदललेला! कॉर्नियाची मागची बाजूपण मोजून घेतली, कारण फक्त पुढची धरली तर हिशोब चुकू शकतो. डोळ्यावरच्या कोनाच्या खुणा मी बसलेलो असतानाच करायला सांगितल्या, आडवं झालं की डोळा थोडा फिरतो ना. निकाल मस्त आहे.

राग आहे तो त्या दोन आठवड्यांचा. टोरिक घेणाऱ्यांनी ॲक्सिस किती अंशाला ठरवलाय आणि दुसऱ्या दिवशी लेन्स किती अंशाला दिसतेय, हे दोन्ही आकडे लिहून मागा. माझ्या फाईलमध्ये दुसरा आकडा तिसऱ्या आठवड्यात आला.