‘लव्ह’ला यमक शोधताना : राइमझोन या संकेतस्थळाचा वर्गातला अनुभव

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आठवीच्या मुलांकडून दरवर्षी एक छोटी इंग्रजी कविता लिहून घेण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा विषय ‘आई’ होता, त्यामुळे बहुतेक वह्यांमध्ये एखादी तरी ओळ ‘लव्ह’ या शब्दावर संपत होती आणि तिच्या जोडीला निम्म्याहून अधिक मुलांनी ‘मूव्ह’ लिहिले होते. एका मुलीने ‘कम’ आणि ‘होम’ यांचे यमक जुळवले होते. मुलांना याबद्दल दोष देणे मला योग्य वाटत नाही. मराठीत ओळींच्या शेवटची अक्षरे सारखी दिसली की बहुधा कानालाही ती सारखीच लागतात, आणि ओव्या-अभंगांतून अंगवळणी पडलेली हीच सवय मुले रोमन लिपीकडे घेऊन जातात. ती मोडण्यासाठी मी गेली तीन वर्षे राइमझोन हे संकेतस्थळ वर्गात वापरत आहे.

हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. शब्द टाकला की त्याला जुळणारे शब्द समोर येतात, वापरण्यासाठी पैसे पडत नाहीत, जाहिराती मात्र असतात. त्याचे खरे बळ त्याच्या पायाशी असलेल्या उच्चारकोशात आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने तयार केलेल्या या कोशात १,३४,००० हून अधिक शब्द असून प्रत्येक शब्दाचा उच्चार ३९ ध्वनींच्या संचातून नोंदवलेला आहे आणि प्रत्येक स्वरावर आघात, म्हणजे बोलताना दिला जाणारा जोर, किती, हेही अंकाने दाखवलेले आहे. याउलट, जॉन वॉकर या इंग्रज कोशकाराने १७७५ मध्ये इंग्रजीचा जो कोश काढला, त्यात शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे वाचून लावलेले होते. अशा मांडणीत ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ शेजारी येणारच. ध्वनींवरून शोधणाऱ्या यंत्राला मात्र स्पेलिंग दिसतच नाही, आणि आमच्या मुलांना नेमकी हीच गोष्ट शिकायची असते.

‘लव्ह’ टाकल्यावर मुलांना पहिला धक्का बसला तो यादीतील ओळखीचे शब्द किती थोडे आहेत, याचा. ‘अबव्ह’, ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘शव्ह’ एवढे सांगून झाले की कवितेत सहज बसेल असे फारसे काही उरत नाही. इंग्रजी प्रेमगीतांत कबूतर आणि हातमोजे वारंवार का भेटतात, हे त्यांना कोणी न सांगताच समजले. ‘ऑफ’ म्हणून आपण ज्याचा उच्चार करतो, तो दोन अक्षरांचा शब्दही याच गटात मोडतो, कारण कोशाच्या लेखी त्याचा उच्चार ‘अव्ह’ असा आहे.

मग ‘लव्ह’च्या स्पेलिंगमध्ये ‘ओ’ आला कुठून, असा प्रश्न एका मुलाने विचारला आणि तो तास तिथेच रमला. जुन्या इंग्रजीत या शब्दात ‘यू’ होता. पुढे हस्तलिखितांत ‘यू’, ‘व्ही’, ‘एन’, ‘एम’ ही सारी अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी लिहिली जात आणि ती शेजारी आली की वाचणाऱ्याचा गोंधळ होई, म्हणून लेखनिकांनी अशा ठिकाणी ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहायला सुरुवात केली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ‘लव्ह’, ‘कम’, ‘सम’ आणि मुलगा या अर्थाचा ‘सन’ हे सगळे त्याच लेखणीचे शब्द आहेत. ‘कम’ आणि ‘होम’ जोडणाऱ्या मुलीने त्यानंतर दोन्ही शब्द देवनागरीत एकाखाली एक लिहिले, क्षणभर पाहिले आणि स्वतःहून खोडले.

आघाताचा मुद्दा याहून अवघड आहे. इंग्रजीत यमक शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून पुढे सगळे जुळावे लागते. ‘हॅपी’ आणि ‘कॉपी’ यांतला ‘पी’ आपल्या कानाला पुरेसा वाटतो, परंतु तिथे आघात ‘हॅ’वर आणि ‘कॉ’वर असल्यामुळे ही जोडी यमकात बसत नाही, ‘हॅपी’ला ‘स्नॅपी’ चालतो. राइमझोन ‘कॉपी’ देत नाही एवढेच मुलांना दिसते, तो का देत नाही हे शिक्षकालाच सांगावे लागते.

मराठी माणसाने हे संकेतस्थळ वापरताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी, ती म्हणजे इथला उच्चार अमेरिकेचा आहे. त्या उच्चाराप्रमाणे ‘क्लास’ आणि ‘गॅस’ हे यमक आहे, कारण तिकडे ‘क्लॅस’ म्हणतात. आपण दिवसातून दहा वेळा हे दोन्ही शब्द मराठीत बोलतो, आणि ते एकमेकांशी जुळतात असे आपल्या मनातही येत नाही. ‘फादर’ आणि ‘बॉदर’ यांचेही तसेच आहे. अमेरिकन तोंडी दोन्हींतला स्वर एकच होतो. मुलांनी अशा जोड्या स्नेहसंमेलनात म्हटल्या, तर समोर बसलेल्या पालकांना यमक ऐकूच येणार नाही.

याच्या उलट, एका बाबतीत अमेरिकन उच्चार आपल्याला ब्रिटिश उच्चारापेक्षा जवळचा पडतो. इंग्लंडमध्ये सर्वमान्य मानल्या गेलेल्या उच्चारात ‘लॉर्ड’मधला ‘र’ गळतो, म्हणून तिथे तो ‘फ्रॉड’शी जुळतो आणि ‘फार्स’ ‘पास’शी जुळतो. आपण मात्र नाटकाचा ‘फार्स’ स्पष्ट ‘र’ लावूनच म्हणतो, आणि अमेरिकनही तो ‘र’ उच्चारतात. त्यामुळे ‘र’ असलेल्या शब्दांसाठी मी या यादीवर निर्धास्तपणे विसंबतो, आणि ‘आ’, ‘ऑ’, ‘ॲ’ या स्वरांच्या शब्दांसाठी मुलांना आधी मोठ्याने वाचायला लावतो.

जवळच्या यमकांचा वेगळा विभागही इथे आहे आणि ‘लव्ह’सारख्या गरीब शब्दासाठी तो मोलाचा आहे. ‘लव्ह’ आणि ‘इनफ’ यांत फरक आहे तो फक्त ‘व्ह’ आणि ‘फ’ यांचा; गाण्यात ही जोडी खुशाल चालते. दुर्मीळ शब्दांबाबत मात्र सावध राहावे. एका मुलाने यादीतून ‘फॉक्सग्लव्ह’ उचलला आणि आईच्या कवितेत त्या फुलाचे रोप लावले. ते रोप त्याने कधी पाहिलेले नव्हते, त्याच्या आईनेही नव्हते. आम्ही तो शब्द काढला, ओळ फिरवली आणि ‘लव्ह’ ओळीच्या मध्ये नेला. शेवटी ‘डे’ आला, आणि ‘डे’साठी यादी इतकी लांब निघाली की पुढचा अर्धा तास वर्गात कोणी मान वर केली नाही.