श्वेडगॉन पॅगोडा, यांगून: पाहणी चपलांच्या रॅकपासूनच सुरू करा

या स्तूपाकडे बहुतेक जण सोनं बघायला येतात. बौद्ध तरुणांच्या चळवळीचा इतिहास बघायचा असेल, तर पायऱ्यांच्या तळाशीच थोडं थांबा. अनवाणी जायचा रिवाज जुनाच आहे, पण गोऱ्या साहेबाच्या पायातले बूट उतरवायला मोठा झगडा करावा लागला. तो यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशनने केला.

कोलंबोत १८९८ साली अशी संस्था निघाली होती (१९५० मध्ये बाबासाहेबांचं भाषण झालं ती हीच). तोच नमुना घेऊन १९०६ मध्ये रंगूनच्या (आजच्या यांगूनच्या) शिकलेल्या तरुणांनी आपली संस्था काढली. आधी सगळं व्याख्यानं आणि चर्चांपुरतंच, सरकारशीही गोडीगुलाबी. मग थेइन मौंग या तरुण वकिलाने बुटांचा प्रश्न धसास लावला. राज्यकारभारावर बोलायची सोय नव्हती. धर्मस्थळाच्या नियमावर बोलणाऱ्याला गप्प करणं सरकारला जड गेलं. ऑक्टोबर १९१९ मध्ये मंडालेच्या एइंडॉया पॅगोड्यात बूट घालून आलेल्या युरोपियनांवर भिक्खू धावून गेले. यू केत्तया यांना जन्मठेप झाली, पण पायताणाचा निर्णय प्रमुख भिक्खूंच्या हाती आला. १९२० मध्ये संस्थेचं रूपांतर जीसीबीए (जनरल कौन्सिल ऑफ बर्मीज असोसिएशन्स) या उघड राजकीय संघटनेत झालं.

आता व्यवहाराचं. मोजेसुद्धा चालत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वर जायला चार दिशांना चार जिने आहेत. चपला दक्षिणेला ठेवून पूर्वेने उतरलात, तर अनवाणी वळसा पडतो. म्हणून पिशवी नेऊन चपला सोबतच ठेवा. पूर्वेचा जिना फुलं-चीवरांच्या दुकानांमधून जातो, चढायला तोच घ्या.

दुपारी संगमरवर तापून तळवे भाजतात. अंथरलेल्या पट्टीवरून चाला, नाहीतर पहाटे या. पावसाळ्यात तोच दगड निसरडा होतो.

स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घाला. नैर्ऋत्य कोपऱ्यातला लेखस्तंभ चुकवू नका. १९२० च्या विद्यार्थी संपाची ती आठवण आहे, मजकूर बर्मी, इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन अशा चार भाषांत. वाटाड्या वारांच्या खांबांवर (आपापल्या जन्मवाराप्रमाणे पूजा करायच्या जागा) बराच वेळ घालवतो. स्तंभ बघायचाय हे त्याला आधीच सांगा.