व्हॉल्व्ह जाम, पण पोरगा कामाचा
आमच्या लातूरच्या बोअरचं पाणी म्हणजे निव्वळ क्षार. २५ लिटरचा गीझर तीन वर्षांत तापताना कडकड वाजायला लागला. साफ करायचा तर आधी रिकामा करायला हवा, आणि ज्यातून पाणी सोडायचं त्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी पांढऱ्या थरानं पार जाम. ह्यांनी पक्कड लावली, मीच थांबवलं. मोडली असती.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं धाडलेला पोरगा दीड तास उशिरा आला. पण आल्यावर घाई नाही. आधी मेन स्विच बंद. पाणी गार होईस्तोवर दोनदा चहा. मग गीझरला येणारं पाणी बंद केलं आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. "हवा आत शिरल्याशिवाय पाणी खाली यायचं नाही, काकू." व्हॉल्व्हशी न झगडता दोन पाने लावून तो अख्खाच उतरवला. पाणी बादल्यांत धरलं. २०१६ला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय, मोरीत सोडवत नाही. शेवटी गढूळ पाण्यासोबत वाटीभर पांढरा चुरा पडला.

नव्या व्हॉल्व्हसकट ६५० रुपये घेतले. भिंतीवरचे काळे हात मात्र मलाच पुसावे लागले.