कड रंगवायला दिली आणि मीटरच बदलून आलं

काम होतं एवढंच, की डॅशबोर्डवरच्या वेग दाखवणाऱ्या मीटरभोवतीची प्लास्टिकची कड रंगवून घ्यायची. गाडी १९६७ ची. उन्हानं कडेचा काळा रंग राखाडी पडला होता, दोन कोपऱ्यांवर तर पार उडाला होता, आणि काचेलगतची चंदेरी रेघ जागोजागी झिजली होती. मीटर मात्र ठणठणीत होतं. काटा न थरथरता चढायचा, मैलांचे आकडे बिनचूक फिरायचे.

जुन्या गाड्यांच्या आतल्या भागांचं रंगकाम करणारा एक जण ओळखीतून मिळाला. त्यानं आधीच्या कामांचे फोटो दाखवले. "ताई, कड सुटी करायच्या फंदात पडू नका. इतकं जुनं प्लास्टिक, खुंटी तुटली तर परत मिळायची नाही. अख्खं मीटर काढून द्या, पुढचं मी बघतो." प्लास्टिक खरंच ठिसूळ झालं होतं, त्यामुळे मला ते पटलं. अर्धे पैसे आगाऊ दिले. पावतीवर त्यानं लिहिलं, 'मीटर रंगकाम, १ नग.' डायलवरचा नंबर नाही, मैलांचा आकडा नाही. मीही आग्रह धरला नाही, आणि इथेच मी फसले.

तीन आठवड्यांनी मीटर परत आलं. मी रंग बघितला, फक्त रंगच बघितला. कड काळीभोर, चकचकीत. घरी आणून बसवली आणि समाधानानं झोपले.

पहिल्यांदा खटकलं ते रात्री गाडी चालवताना. कडेची चकाकी समोरच्या काचेत उमटत होती. मूळ रंग मंद का ठेवलेला असतो ते तेव्हा कळलं. मग दिवसाउजेडी नीट पाहिलं. रंगात टाचणीच्या डोक्याएवढी गोल खळी पडली होती, तेलकट ताटावर पाण्याचे थेंब आक्रसावेत तशी. वर्षानुवर्षं डॅशबोर्डला चोळलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन न काढता वरून रंग मारला की असंच होतं. स्क्रूच्या भोकांभोवती केसासारख्या भेगा होत्या. एबीएस प्लास्टिकवर जोरकस थिनर फिरवला की ते असं तडकतं. ती चंदेरी रेघ म्हणजे प्लास्टिकवर बसवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. तोही थिनरनं पुसला गेला होता आणि त्या जागी ब्रशनं चंदेरी रंग ओढला होता. महिन्याभरात एका कोपऱ्याचा रंग नखानं पापुद्र्यासारखा निघाला. खाली प्रायमर नव्हताच.

इथवर मी वाईट कामाचीच तक्रार करत होते. खरी गोष्ट कळली ती लांबच्या प्रवासात. शेजारी बसलेल्या भावानं फोनवर वेग पाहिला, मैलांत. फोन म्हणतो ५०, काटा दाखवतोय ३९. फोन चुकत असेल म्हणून पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदाही तेच.

घरी आल्यावर जुने फोटो काढले. माझ्या गाडीत स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचं मीटर होतं. अशा मीटरचा काटा गिअरबॉक्सकडून येणाऱ्या फिरत्या केबलवर चालतो. त्या डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, एका मैलाला केबलचे किती फेरे होतात त्याचा. माझ्या जुन्या फोटोत तो १००० होता. समोरच्या डायलवर १२८०. मैलाला १२८० फेरे धरणाऱ्या मीटरला केबल हजारच फेरे देत होती, म्हणून ५० चे ३९ झाले. मैल मोजणारे आकडे त्याच केबलवर चालतात, म्हणजे तेही तेवढेच मागे पडत होते. माझ्या मीटरच्या शेवटच्या मैलांइतकेच मैल रंगाऱ्यानं या मीटरवर फिरवून ठेवले होते, पण शेवटून दुसरा आकडा ओळीत बसला नव्हता, जराशी मान खाली घातल्यासारखा दिसत होता. तो आकडा मी बसवताना पाहिला असणार. नवा रंग बघण्याच्या नादात नजर तिथे ठरली नाही.

फोन केला तर आधी म्हणाला, "तुमचंच आहे ते." फोटो पाठवल्यावर म्हणाला, "असंच आलं होतं." मग फोन उचलणं बंद. पावतीवर १ नग आहे, एवढंच माझ्याकडे. कुठलं मीटर दिलं होतं, ते मी कशानं सिद्ध करू?

संताप येतो तो पैशांपेक्षा याचा, की महिनाभर मी ३९ समजून ५० नं गाडी चालवत होते, मागे मुलं बसलेली असताना.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी कृपा करून कड घरीच सुटी करा. बॅटरीची गाडीच्या बॉडीला जोडलेली तार आधी काढा, कारण जुन्या ॲमीटरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या, तारांना बहुतेक वेळा फ्यूज नसतो. मागून केबलची नट हातानं सैल होते, दिव्यांचे होल्डर ओढून निघतात. खुंट्या ठिसूळ वाटल्या तर प्लास्टिक थोडं कोमट होऊ द्या आणि घाई करू नका. रंगाऱ्याला द्यायची ती रिकामी कड. मीटर कपड्यात गुंडाळून तुमच्या कपाटात राहू दे. आणि काढण्याआधी डायलचा अगदी जवळून फोटो घ्या, तळाचा आकडा वाचता येईल इतक्या जवळून. मीटरच्या मागच्या डब्यावरच्या नंबराचाही घ्या. आतल्या बाजूला कुणाला दिसणार नाही अशी एक खूण करून ठेवा.

माझी कड मी नंतर स्वतःच रंगवली. साबणपाण्यानं धुऊन, सिलिकॉन काढणाऱ्या द्रवानं पुसून, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासून, प्लास्टिकचा प्रायमर आणि मंद काळ्याचे पातळ हात. छान झाली आहे.

मीटर गेलं ते गेलंच. त्याच्या डायलवर ४० च्या आकड्याखाली तांबूस डाग आहे, मसुराच्या डाळीएवढा, आणि तळाशी १०००. असं मीटर कुणी विकायला आणलं तर त्याला थांबवून ठेवा आणि मला कळवा.